खळ आणि लाळ

ज्वारीच्या ऊन भाकरीचा एक तुकडा मोडावा, त्याला ना भाजी लावावी ना चटणी, आणि तो नुसताच तोंडात घेऊन डोळे मिटून सावकाश चावत राहावं. प्रथम जाणवतो तो तव्याचा किंचित करपट वास, मग पिठाचा तो सपक, अबोल, जरासा रुसलेला स्वाद. दहा वेळा चावा, भाकरी काही बोलत नाही. पंधरा वेळा चावा, तरी तिचा अबोला सुटत नाही. आणि मग, आपण कंटाळून घास गिळून टाकण्याच्या बेतात असताना, जिभेच्या कडेकडेनं एक गोडवा हळूच वर येतो. साखरेचा नव्हे, गुळाचाही नव्हे. घरात कुणीतरी दबक्या पावलांनी आलेलं आहे आणि मागे वळून न पाहताच आपल्याला ते कळलं आहे, अशा जातीचा तो गोडवा! भाकरीत तर कुणी चिमूटभर साखर घातली नव्हती. मग हा आला कुठून?

हा प्रश्न मी दर वर्षी वर्गात विचारते, कारण तो विचारणं हे माझं कामच आहे. सुरतेत नवागामच्या एका मराठी शाळेत मी विज्ञान शिकवते. मुलं मला इथल्या रीतीप्रमाणे ‘बेन’ म्हणतात. पण गेलं दीड वर्ष हाच प्रश्न मी घरात, मनातल्या मनात, अगदी वेगळ्या जिवानं विचारत आले. माझ्या वडिलांना, आप्पांना, गालाच्या आतून गाठ झाली. तंबाखूची जुनी मैत्री, तिनं शेवटी दगा दिला. शस्त्रक्रिया झाली, शेक देण्याचे, म्हणजे रेडिएशनचे, दिवस पार पडले, गाठ गेली. पण जाता जाता तोंडातलं पाणी घेऊन गेली. शेकानं लाळेच्या ग्रंथी सुकतात. काही जणांची लाळ थोडीफार परत येते, काहींची येत नाही, वाट बघा, असं डॉक्टरांनी सांगितलं. तेव्हापासून आमच्या घरात एकाच गोष्टीची वाट बघणं चाललं होतं, ती म्हणजे आप्पांच्या तोंडाला पुन्हा पाणी कधी सुटेल याची.

लाळ! काय हा शब्द, आणि काय आपल्या भाषेनं केलेली त्याची अप्रतिष्ठा! लाचार माणूस लाळ घोटतो, खुशमस्कऱ्या थुंकी झेलतो, हावरा लाळ गाळतो. अश्रूंवर आपण कविता केल्या, घामावर भाषणं ठोकली, रक्ताच्या तर शपथा घेतल्या. पण लाळेचं नाव चारचौघांत काढलं की माणसं नाक मुरडतात. एवढंच काय, तिचा नुसता स्पर्श झाला की चांगलं अन्न ‘उष्टं’ होतं. तिच्या वाट्याला एकच बरा वाक्प्रचार आला, तोंडाला पाणी सुटणं, आणि तिथंही तिचं नाव टाळून तिला पाणी म्हटलं! मला या अन्यायाचा मनापासून राग आहे. जिच्यावाचून घास घशाखाली उतरत नाही, जिच्यावाचून शब्दही टाळ्याला चिकटून बसतो, तिला एवढं हिणवावं? बाळाच्या गळ्यात लाळेरं बांधणारी आई तेवढी या पापातून सुटली. तिला ते ओंगळ कधी वाटलं नाही.

आणि तिचं काम तरी केवढं! कानाच्या पुढे, जबड्याच्या आत आणि जिभेच्या तळाशी, अशा तीन मोठ्या जोड्यांनी बसलेल्या या ग्रंथी दिवसाकाठी लिटरभर लाळ सहज देतात. त्या लाळेत एक विकर, म्हणजे एन्झाइम, असतं, अमायलेज त्याचं नाव. धान्यातला स्टार्च म्हणजे साखरेच्या कणांची लांबच लांब माळ. मणी एकमेकांत इतके घट्ट ओवलेले की जिभेला त्यातला एकही गोड लागत नाही. अमायलेज ती माळ मधूनमधून तोडतं, दोन-दोन, तीन-तीन मण्यांचे तुकडे मोकळे होतात आणि मग कुठे जिभेला बातमी लागते. घास पोटात उतरला की तिथल्या आम्लात थोड्या वेळानं हे विकर निकामी होतं, आणि राहिलेलं काम पुढे आतड्यात स्वादुपिंडाचं विकर हातात घेतं. सुरतेच्या मिलवाल्या भाषेत सांगायचं, तर तोंडातली ही पहिली पाळी. पाळी लहान, पण सुरुवात करून देणारी. पहिल्या पाळीच्या कामगाराला मात्र मान कोण देतं? माल तयार झाला की नाव शेवटच्या हाताचं होतं.

तो मान द्यायला मला आप्पांनी शिकवलं. आप्पा मूळचे खानदेशातले, धुळ्याकडचे. तरुणपणी सुरतेला आले आणि कडोदऱ्याच्या एका मिलमध्ये लागले. ही मिल कापड विणत नसे, विणून आलेल्या कोऱ्या सुती कापडावर रंग चढवत असे. आणि आप्पांचं खातं त्यात सगळ्यांत पहिलं अन् सगळ्यांत बिनरंगाचं होतं. खळ काढण्याचं खातं! मागावर चढवण्याआधी ताण्याच्या, म्हणजे उभ्या, सुताला स्टार्चची खळ पाजतात, म्हणजे धागा कितीही घासला तरी पिंजत नाही, तुटत नाही. विणकाम चालू असेतोवर ही खळ धाग्याची राखणदार. विणून झालं की तीच आडमुठी. ती कापडात राहिली तर रंग आत शिरत नाही, डाग डाग दिसतो. म्हणून रंगाआधी तिला घालवायचं. त्यासाठी आप्पांच्या खात्यात निळं पीप यायचं, आणि त्यात तपकिरी, पातळसर असं काहीतरी असायचं. रंगाचा मास्टर अस्सल सुरती माणूस. नव्या कामगारांना हे काय आहे ते समजावताना तो एकदा हसत म्हणाला, “आ तो थूंक जेवुं ज छे, भाई!” म्हणजे थुंकीसारखंच. झालं, त्या दिवसापासून अख्ख्या खात्यानं त्या पिपाचं नाव ‘थूंक’ ठेवलं. थूंक संपली, थूंक आली, आज थूंक जरा कमी घाला, ही तिथली रोजची बोली. बाहेरच्या माणसानं ती ऐकली असती तर तो आल्या पावली परत गेला असता.

गंमत अशी की मास्टर थट्टा करत नव्हता. पिपात अमायलेजच होतं. माणसाच्या तोंडातलं नव्हे, सूक्ष्म जीवांपासून काढलेलं. पण जातकुळी तीच आणि काम तेच, स्टार्चची माळ तोडण्याचं. पाणी ऊन हवं, पण उकळतं नको. आप्पा यंत्रावरचा काटा बघायचे, तरी हातानं पारखल्याशिवाय त्यांचं समाधान होत नसे. “जास्त गरम व्हयनं का मरी जास ते,” असं म्हणायचे, जणू पिपात कोंबडीची पिल्लं होती. ठरलेला वेळ कापड त्या पाण्यात फिरलं की आप्पा त्याच्या कोपऱ्यावर आयोडीनचा एक टिपका टाकायचे. टिपका निळा झाला तर खळ अजून आत बसलेली. पिवळट राहिला तर खळ निघाली. मग ते एकच शब्द उच्चारायचे, “पास!” हा शब्द त्यांच्या तोंडून निघाल्याशिवाय कापड पुढच्या खात्यात सरकत नसे. एकदा घाई होती, मास्टर डोक्यावर उभा होता आणि टिपका फिकट निळा आला. चालेल, जाऊ द्या, असं मास्टरचं म्हणणं. आप्पांनी कापडाची गाडी अडवून धरली. फिकट निळा हाही निळाच, असं त्यांचं म्हणणं. शेवटी कापड पुन्हा पाण्यात गेलं. चौथी शिकलेल्या माझ्या बापाचा हा ताठा आजही सांगताना माझ्या अंगावर मूठभर मांस चढतं.

आता माझी फजिती ऐका. मी सहावीत असेन. आमच्या विज्ञानाच्या बेननी विचारलं, स्टार्चचं पचन कुठे सुरू होतं? अख्ख्या वर्गात एकटा माझा हात वर. मी उभी राहिले आणि खणखणीत आवाजात उत्तर दिलं, “कडोदऱ्याला!” वर्ग खो खो हसत सुटला. बेननी गंभीर चेहऱ्यानं विचारलं, कडोदऱ्याला कसं काय? तेवढ्यावर थांबले असते तरी अब्रू राहिली असती. पण मी खुलासा केला की तिथे निळ्या पिपात लाळ येते आणि माझे वडील ती कापडाला घालतात. मग काय विचारता! पुढे कित्येक दिवस शाळेत माझं नाव ‘कडोदरा’ होतं. पाठीमागून कुणीतरी थुंकण्याचा आवाज काढायचं आणि मी मान खाली घालून चालायचे.

घरी येऊन मी रडत रडत सगळं सांगितलं. मायला हसू आवरेना. आप्पा मात्र हसले नाहीत. “तुन्हं काहीच चुकनं नही, बेटा,” एवढंच म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी मिलमधून येताना कापडाच्या दोन चिंध्या आणि आयोडीनची एक चिमुकली बाटली घेऊन आले. एक चिंधी खळीची, एक खळ काढलेली. “तुन्ही बेनले हाई दखाड.” मी दाखवलं. त्या बेन मोठ्या मनाच्या; त्यांनी दोन्ही चिंध्यांवर टिपके टाकले, एक निळा झाला, एक पिवळट राहिला. मग त्यांनी निरोप पाठवला, वडिलांना एकदा शाळेत घेऊन ये.

आप्पा आपल्या सुट्टीच्या दिवशी आले. डोक्यावर पांढरी टोपी, मायनं भाताच्या पेजेची खळ देऊन कडक केलेली, पुढचं आणि मागचं टोक असं ताठ की हात लावला तर टोचेल. फळ्यापुढे उभं राहून अर्ध्या अहिराणीत, अर्ध्या गुजरातीत त्यांनी खळ म्हणजे काय, ती का पाजतात आणि का काढतात ते सांगितलं. बेननी खुर्ची पुढे केली, पण ते बसले नाहीत. टिपका उभ्यानंच बघायचा असतो म्हणाले. त्यांनी टिपका टाकला आणि वर्गाकडे वळून पाहिलं. ज्या वर्गानं माझं नाव कडोदरा ठेवलं होतं, तोच वर्ग एका सुरात ओरडला, “पास!” त्या दिवशी मला जेवढा अभिमान वाटला, तेवढा पुढे स्वतःच्या पदवीचाही वाटला नाही. आपण बेनच व्हायचं, हे मी तिथंच, तिसऱ्या बाकावर बसल्या बसल्या ठरवून टाकलं.

थंडी पडली की सुरतेत पोंक येतो. तापीकाठची कोवळी ज्वारी भाजून, झोडून काढलेले ते हिरवे, मऊ दाणे; वर शेव, वर लिंबू! आमच्या खानदेशात यालाच हुरडा म्हणतात. सुरती माणूस म्हणतो पोंक आमचा, आमचा माणूस म्हणतो हुरडा आमचा, आणि ज्या नदीच्या काठी हे भांडण चालतं ती तापी तर आधी खानदेशातून वाहते आणि मग इथे येते. असो. पोंक गोड का लागतो, ठाऊक आहे? कोवळ्या दाण्यातली साखर अजून सुटी असते. दाणा पिकतो म्हणजे काय करतो, तर आपला गोडवा माळेत ओवून, घट्ट बांधून, पुढच्या दिवसांसाठी ठेवून देतो. मग तो वाळतो, दळला जातो, भाकरी होऊन तव्यावर भाजला जातो. आणि शेवटी कुणाच्या तरी तोंडात ती माळ पुन्हा सुटते. भाकरी चावता चावता जो गोडवा लागतो, तो त्या दाण्याच्या कोवळेपणाचा. आमच्या नवागामचंही काहीसं तसंच आहे. एकमेकींना खेटून उभ्या असलेल्या खोल्यांत खानदेश, मराठवाडा, विदर्भ शेजारी शेजारी नांदतात. घरात एक बोली, गल्लीत हिंदी, दुकानात गुजराती. माझ्या वर्गातली मुलं एकाच वाक्यात तिन्ही चावून टाकतात. पाहुणे म्हणतात, यांची मराठी बिघडली. मी म्हणते, घाई करू नका, जरा वेळ ऐका. कुठेतरी आजोळचा एखादा गोड शब्द निघतोच.

पण आप्पांना दीड वर्षात ना पोंक गोड लागला ना भाकरी. भाकरीचा तुकडा तोंडात घेतला की त्याचा भुसा व्हायचा आणि तो गालात इकडून तिकडे फिरत राहायचा. ओळीत जेवायला बसणारा माणूस भिंतीकडे तोंड करून बसू लागला. हातात तांब्या, प्रत्येक घासावर पाण्याचा घोट. माय मऊ खिचडी करायची, पेज करायची, भाकरी दुधात कुस्करून द्यायची. एकदा अर्धी वाटी पेज तशीच ठेवून ते मला म्हणाले, “मन्हा तोंडमा खळ बसेल शे, बेटा. अन् काढाले थूंकच नही.” मनाला काही लागलं की माणसाला अन्न गोड लागत नाही, असं आपण सहज म्हणून जातो; आप्पांच्या बाबतीत तो वाक्प्रचार उरलाच नव्हता. बोलतानाही जीभ अडायची, म्हणून गल्लीच्या तोंडाशी ओट्यावर बसणाऱ्या जुन्या सोबत्यांत जाणं त्यांनी सोडलं. आणि जाणंच सोडलं म्हणून टोपीही सोडली. ती खुंटीला टांगलेली असे. माय मात्र दर आठवड्याला ती खुंटीवरून काढायची, धुवायची, पेजेची खळ द्यायची आणि पुन्हा तिथंच टांगून ठेवायची. कशाला, असं तिला आम्ही कुणीच कधी विचारलं नाही.

या थंडीतली गोष्ट. शनिवारी मी वर्गात लाळेचा प्रयोग घेतला. परीक्षानळीत पेजेचं पाणी, त्यात आपली लाळ, थोड्या वेळानं आयोडीन. लाळेनं काम केलं असेल तर निळा रंग येत नाही. पण नळीत थुंकायला एक मूल तयार होईल तर शपथ! “छी बेन, उष्टं होतं ते!” असं म्हणून सगळी दूर सरकली. मग मी सगळ्यांदेखत पहिली स्वतः थुंकले आणि त्यांना कडोदऱ्याची गोष्ट सांगितली. तास संपेपर्यंत कुणाच्या लाळेनं निळा रंग आधी घालवला यावर दोन बाकांत भांडण जुंपलं होतं. त्या गडबडीत आयोडीनची बाटली माझ्या पर्समध्येच राहिली.

रविवारी सकाळी मला जाग आली ती मायच्या आवाजानं. ती आप्पांच्या अंथरुणाशी उभी राहून करवादत होती, “उशी बठ्ठी वली करी टाकी!” आप्पा अंथरुणावर बसले होते. त्यांचा तळवा उशीवरच्या त्या ओल्या डागावर पालथा ठेवलेला होता, अगदी पूर्वी यंत्रातलं पाणी पारखताना ठेवत तसा. माय बोलता बोलता थांबली. झोपेत तोंडातून लाळ गळली होती. दीड वर्षात पहिल्यांदा! लहान मुलाला ज्याच्यासाठी लाळेरं बांधतात आणि म्हाताऱ्या माणसाला ज्याच्यासाठी हसतात, त्या ओघळाकडे आम्ही तिघं बघत राहिलो.

मी म्हटलं, आप्पा, भाकरीचा तुकडा आणू का? चावून बघा. त्यांनी नकारार्थी मान हलवली. “जीभ खोटं बोलस,” ते सावकाश म्हणाले. “टिपका खोटं बोलत नही. बाटली शे का?”

बाटली होती. पण खळीचं कापड कुठून आणायचं? पेज तर आदल्या दिवशीच संपली होती. आप्पांनी आजूबाजूला पाहिलं आणि त्यांची नजर खुंटीवर गेली. त्यांनी टोपी काढली, तिचं पुढचं टोक बोटानं दाबून पाहिलं, आणि शांतपणे ते तोंडात घेतलं. “टोपी डोकावर घालतस, तोंडमा नही!” माय ओरडली. आप्पांनी मला खूण केली. मला कळलं. नुसत्या पाण्यानं किती खळ जाते आणि लाळेनं किती, हेही बघायला हवं. तुलनेशिवाय प्रयोग नाही, हे मी ज्यांच्याकडून शिकले तेच हे गृहस्थ. मी वाटीत कोमट पाणी आणलं आणि टोपीचं मागचं टोक त्यात बुडवून, वाटी धरून, त्यांच्या समोर बसले. दारातलं कोवळं ऊन, एका टोकाला माझा बाप, दुसऱ्या टोकाला मी, आणि मध्ये ती पांढरी टोपी! जाणारे-येणारे डोकावून बघत होते आणि माय त्यांना काहीच सांगू शकत नव्हती.

वीस मिनिटं बसायचं ठरलं. खरं सांगते, त्या वीस मिनिटांत माझ्या मनात नाही नाही ते येऊन गेलं. ओलावा आला म्हणजे विकर आलंच असं थोडंच आहे? दोन्ही टोकं निळी झाली तर? हा माणूस परत भिंतीकडे तोंड करून बसेल आणि पुन्हा कधी वळणार नाही. पुढचं टोक बघण्याच्या निमित्तानं नळाखाली जरा चोळून आणावं, असाही पापी विचार डोकावून गेला. पण ज्यानं भरल्या मिलमध्ये फिकट निळ्यालाही निळाच म्हटलं, त्याच्याशी त्याची लेक खोटं वागणार? मी वाटी धरून बसून राहिले.

वेळ झाली. आप्पांनी टोपी तोंडातून काढून पाटावर ठेवली आणि उठून उभे राहिले. टिपका उभ्यानंच बघायचा असतो ना! बाटली त्यांनी माझ्या हातून घेतली. टिपका नेमका पडला. आधी मागच्या टोकावर. ते बघता बघता गर्द निळं झालं. मग पुढच्या टोकावर. आम्ही वाकून बघत राहिलो. एक क्षण, दोन क्षण, पाच क्षण. टिपका पिवळट पडला होता आणि पिवळटच राहिला. जरासुद्धा निळा नाही, फिकटसुद्धा नाही! मी आप्पांकडे पाहिलं. त्यांनी घसा खाकरला, ओठावरून जीभ फिरवली, आणि कडोदऱ्याच्या खात्यात घुमायचा तोच शब्द आमच्या खोलीत म्हटला, “पास!”

मायनं पदर तोंडाला लावला. ती रडत होती की हसत होती, ते मी विचारलं नाही. मग तिनं टोपी धुवायला मागितली तर आप्पा देईनात. तशीच ओली, पुढे पिवळी, मागे निळी, त्यांनी ती डोक्यावर चढवली, ओट्यापर्यंत जाऊन आले, आणि कुणी विचारलं असावं, कारण त्यांचा आवाज आम्हाला आत ऐकू आला, “पास व्हयनी!” बोलताना जीभ अजून अडत होती, पण शब्द पुरा निघाला. एवढ्या लाळेनं सगळं काही पूर्वीसारखं होणार नाही, हे मला कळतं, आणि त्यांनाही कळतं. ज्यानं आयुष्यभर टिपका पाहिला, त्याला पास आणि नवंकोरं यातला फरक कोण शिकवणार?

दुपारी ते आमच्या ओळीत जेवायला बसले. तांब्या जवळ होता, पण भिंत पाठीशी होती. मायनं तव्यावरची भाकरी थेट त्यांच्या ताटात टाकली. त्यांनी कोरडा तुकडा मोडला, तोंडात घेतला, आणि डोळे मिटून चावू लागले. मी मनात मोजायला सुरुवात केली, आणि वीसच्या पुढे कधीतरी मोजणं विसरले. त्यांचा जबडा हळूहळू हलत होता, कपाळावरची शीर हलत होती, टोपीचं पिवळं टोक हलत होतं. गोड लागतं का, हे ओठांवर आलेलं मी परत गिळलं. आप्पांनी घास उतरवला, पाणी घेतलं नाही, आणि ताट मायपुढे सरकवलं. “आखो अर्धी दे.” आणखी अर्धी!

तेव्हा कुठे मला माझ्या घासाची आठवण झाली. त्यांच्याकडे बघता बघता तो माझ्या तोंडात तसाच राहून गेला होता. चावायचं मला सुचलंच नव्हतं. आणि न चावताच तो गोड झाला होता.